पुरात मदत पोहोचवायची तर आधी काय, मग काय: खान्देशातल्या मंडळांसाठी

पूर आला की खान्देशात मदतीला माणसं कमी पडत नाहीत. जळगाव, धुळे, अमळनेर, शहाद्याहून पहिल्याच दिवशी गाड्या निघतात आणि बहुतेक गाड्या डांबरी रस्त्यावरच्या पहिल्या पूरग्रस्त गावातच रिकाम्या होतात. तिथं घराघरात बिस्किटांचे पुडे पडून राहतात. फरशी पुलापलीकडच्या वस्तीत मात्र तिसऱ्या दिवशीही चूल पेटलेली नसते. याचं कारण क्रम उलटा असतो: आधी गाडी भरली जाते, मग ती कुठं न्यायची ते वाटेत ठरतं. खाली जे टप्पे दिले आहेत ते गणेश मंडळं, व्यापारी संघटना, महाविद्यालयांची एनएसएस पथकं यांच्यासाठी आहेत. पुरातून माणसं बाहेर काढणं हे तुमचं काम नाही. त्यासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यातच आहे आणि तिला बोलावण्याचा अधिकार प्रशासनाचा आहे. तुमचं काम पाणी थांबल्यावरचं.

आपल्याकडे तुटणाऱ्या जागा दोन तऱ्हेच्या आहेत. तापी, गिरणा, पांझरा, वाघूर, तितूर यांच्या काठची गावं दोन-तीन दिवस तुटतात आणि पाणी उतरलं की रस्ता मोकळा होतो. अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या पाड्यांचं तसं नाही. सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरलं की फुगवट्याच्या पाण्याने टेकड्यांची अक्षरशः बेटं होतात, आणि तिथं बोटीशिवाय जाता येत नाही. टप्पे दोन्हीकडे तेच, पण दुसऱ्या ठिकाणी प्रत्येक टप्प्याला दुप्पट वेळ धरा.

## टप्पा १: मे महिन्यातच करायची कामं

चुली मोजा, रेशनकार्डं नको. एका रेशनकार्डावर म्हातारे आई-वडील, दोन भाऊ आणि त्यांच्या बायका-मुलं असतात, पण स्वयंपाक तीन ठिकाणी होतो. कार्डावर वाटप केलं की तीन घरांना एक पिशवी मिळते आणि भांडण लागतं. शिवाय सातपुड्यातल्या कितीतरी झोपड्यांना घर क्रमांकच नाही, गावठाणाच्या नोंदीतही त्या नाहीत. म्हणून प्रत्येक वस्तीची वेगळी यादी करा: चुलीच्या मुख्य माणसाचं नाव, माणसं किती, दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाई, अंथरुणाला खिळलेलं कोणी, रोजची औषधं घेणारं कोणी, जनावरं किती. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंकडे यातली बरीचशी माहिती आधीच असते. त्यांच्याजवळ बसून एका दुपारी शंभर चुलींची यादी होते. ती कागदावर ठेवा. मोबाईल पुरात भिजतो, किंवा चार्जिंग संपून बंद पडतो.

नकाशावर फरशा, म्हणजे ठेंगणे फरशी पूल, लिहा. प्रत्येक गावाला जाणाऱ्या वाटेवर कुठली फरशी सगळ्यात आधी बुडते आणि ती बुडाल्यावर दुसरी वाट कुठली, हे गावातला दूधवाला आणि एसटीचा चालक बरोबर सांगतो. शेवटची वाट एकच असेल तर त्या गावापुढे लाल खूण करा. घाट धरायला विसरू नका. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरीच्या पुराने चाळीसगाव बुडालं तेव्हा कन्नड घाटातही दरडी कोसळल्या होत्या, म्हणजे संभाजीनगरकडची वाटही बंद. धडगावला जायचं तर चांदसैली घाटाचा भरवसा पावसाळ्यात धरू नका.

पाणी कुठून येतं ते समजून घ्या. भुसावळात कोरडं ऊन असतानाही हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडू शकतात, कारण पाऊस मध्य प्रदेशात बैतूल-बऱ्हाणपूरकडे झालेला असतो. पांझरेचं पाणी साक्रीकडून, अक्कलपाडा धरणातून येतं. गिरणेला चणकापूर आणि कळवण-सटाण्याकडचा पाऊस फुगवतो. आपल्या नदीच्या वरच्या धरणाचा विसर्ग किती क्युसेकवर गेला की आपल्या गावाची फरशी बुडते, तो आकडा पोलीस पाटलांना विचारून यादीवर लिहून ठेवा.

गोदाम ठरवा. आपल्याकडे यासाठी जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) आवाराइतकी चांगली दुसरी जागा नाही. कापसाचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होतो, त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात शेड रिकामी असते. छप्पर पक्कं, ट्रक वळायला जागा, आणि वजनकाटा दाराशी. मालकांशी मे महिन्यातच बोलून ठेवा. जिनिंग नसेल तर बाजार समितीचं शेड चालेल. मंगल कार्यालय नको, कारण लग्नाची तारीख आली की माल बाहेर काढावा लागतो.

*तपासा:* प्रत्येक गावात दोन संपर्क आहेत का? एक पोलीस पाटील किंवा सरपंच, आणि दुसरी व्यक्ती त्यांच्या गटाबाहेरची. एकच माणूस असेल तर मदत त्याच्या आळीत थांबते. हे बोलून दाखवायला कोणाला आवडत नाही, पण होतं असंच.

## टप्पा २: पहिला दिवस. गाडी भरायची नाही

पहिला फोन जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला, १०७७ वर. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. कुठला रस्ता बंद, कुठल्या गावाची माणसं कुठल्या शाळेत हलवली, हे तिथं आधी कळतं. दुसरा फोन तहसील कार्यालयाला: आमच्याकडे एवढ्या गाड्या, एवढी माणसं आहेत, कुठली गावं आम्ही धरू? तालुक्यात चार संस्था असतील तर गावं वाटून घ्या आणि ती वाटणी तहसीलदारांच्या टेबलावर लेखी ठेवा. व्हॉट्सॲपच्या गटात केलेली वाटणी दुसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही.

यानंतर गावाला फोन. इथं विचारण्याची पद्धत महत्त्वाची आहे. "काय पाहिजे?" विचारलं की काय होतं ते बघा:

"आप्पा, तुमले काय जोयजे?"
"काहीबी चाली भाऊ, धाडी द्या."

यावर गाडीत गहू भरला तर चुकलं. पुढचा प्रश्न विचारा:

"चक्की चालू शे का?"
"नही ना. परवापासून लाईटच नही."

म्हणजे धान्य निरुपयोगी, पीठ हवं. नेमके प्रश्न विचारले की नेमकी उत्तरं येतात: चक्की आणि लाईट चालू आहे का? सरपण कोरडं आहे का? पिण्याचं पाणी कुठून भरता? किती चुली विझल्यात? गुरांना चारा आहे का? शाळेत किती माणसं झोपली आहेत? गाडी नेमकी कुठपर्यंत येते? उत्तराशेजारी तारीख आणि वेळ लिहा. पुरात सकाळची माहिती संध्याकाळी शिळी झालेली असते.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांत फोन लागेलच असं नाही. तिथला निरोप माणसाकरवी जातो: बोटीचा नावाडी, आशाताई, आश्रमशाळेचे शिक्षक, किंवा मोलगी-धडगावच्या आठवडे बाजाराला आलेलं कोणी. पावरी किंवा भिली बोलणारा माणूस सोबत ठेवा. मराठीत विचारलं तर पुरुष मान डोलावतात आणि बायका गप्प राहतात, मग खरी गरज कळतच नाही.

*सावध:* पहिल्या दिवशी "बघून येतो" म्हणून निघालेल्या दुचाक्यांमुळेच फरशीवर माणसं वाहून जातात. पाणी गुडघ्याएवढं दिसत असलं तरी फरशीवरून ओलांडायचं नाही. खालचा डांबराचा थर उरला आहे की नाही, हे वरून दिसत नाही.

## टप्पा ३: मागणी ठरली, आता आवाहन

आवाहनात फक्त हव्या त्या वस्तू लिहा, आणि नको त्या त्याहून ठळक लिहा.

जुने कपडे नको. ते निवडायला दहा माणसं दोन दिवस अडकतात, आणि शेवटी ढीग गावाच्या वेशीवर भिजत पडतो. बाटलीबंद पाणी शक्यतो नको: वजन प्रचंड, आणि रिकाम्या बाटल्या नाल्यात जातात. पुरी-भाजीची पाकिटं दमट हवेत दुपारपर्यंत आंबतात. शिजवलेलं अन्न द्यायचंच तर पहिल्या दोन दिवसांत, गावातच मोठ्या पातेल्यात खिचडी किंवा वरण-भात शिजवून. तान्ह्या बाळांसाठी दुधाच्या पावडरीचे डबे अजिबात घेऊ नका. दूषित पाण्यात कालवलेली पावडर बाळाला जुलाबात ढकलते, आणि अशा डब्यांच्या मोफत वाटपावर १९९२ च्या कायद्यानेच बंदी आहे. आईला पोटभर खायला द्या, अंगावर पाजणं चालू राहील असं बघा.

पैसे गोळा करायचे असतील तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते, मंडळांना ती ठाऊक असते. पैसे संस्थेच्या खात्यावरच घ्या. एखाद्या कार्यकर्त्याचा स्वतःचा क्यूआर कोड फिरवू नका, मग तो कितीही सज्जन असो.

## टप्पा ४: गोदाम आणि पिशवी

गोदामाला एकच दार उघडं ठेवा. आत येणारा माल एका वहीत, बाहेर जाणारा दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्या दोन वेगळ्या माणसांच्या हातात. रोज रात्री शिल्लक माल मोजून दोन्ही वह्यांशी ताडायचा. पिठाची पोती फळ्यांवर ठेवा, फरशीला टेकवून नको, कारण पावसाळ्यात खालून ओल चढते.

पाच माणसांच्या चुलीला सात दिवसांची पिशवी अशी भरते: ज्वारी किंवा गव्हाचं पीठ १५ किलो, तूरडाळ ३ किलो, तेल १ लिटर, साखर १ किलो. माणशी रोज सुमारे २१०० उष्मांकांचा हिशेब यात बसतो. वर मीठ, तिखट, हळद, चहा पावडर, काडेपेट्या (प्लास्टिकमध्ये गुंडाळून), मेणबत्त्या, कपडे धुण्याचा आणि अंगाचा साबण. तिखट विसरू नका. खान्देशी माणसाला फिकं वरण दोन दिवसांवर जात नाही, आणि पिशवीत तिखट नसलं की तो ते विकत आणायला चिखलातून चालत जातो. सॅनिटरी पॅड की सुती कापड, हे आशाताईंना विचारून ठरवा.

ही पिशवी वीस किलोच्या पुढं जाते. डांबरी रस्त्यावर त्याचं काही नाही. डोंगरातल्या पायवाटेवर मात्र म्हातारी बाई वीस किलो नेऊ शकत नाही. पाड्यांसाठी दहा-दहा किलोच्या दोन पिशव्या बांधा, एकीवर "१", दुसरीवर "२", आणि प्रत्येक घराला दोन्ही.

सरपण ओलं असेल तर पीठ असून भाकरी होत नाही. अशा गावांना कोरडं जळण किंवा गॅसच्या शेगड्या गाडीत आधी चढवा.

चारा. हा नेहमीच मागे पडतो. चाळीसगावच्या पुरात गुरं मोठ्या संख्येने वाहून गेली. जी वाचली त्यांच्यापुढे कडबा नव्हता, कारण गंजी आधीच वाहून गेली होती. दुभत्या गाईच्या दुधावर ज्या घराचा रोजचा खर्च चालतो, तिथं पेंढ्यांचा ट्रक पिठाइतकाच गरजेचा असतो. चाऱ्यासाठी वेगळी गाडी करा. पिठाच्या गाडीवर कडबा लादला की दोन्ही भिजतात.

*तपासा:* शंभर पिशव्यांचं वजन सुमारे दोन टन होतं. एका पिकअपमध्ये साधारण दीड टन माल जातो. आयशर मोठी, पण फरशीवरून आणि गल्लीत वळत नाही. गावाच्या तोंडापर्यंत आयशर, आत ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा छोटा हत्ती (लहान टेम्पो), असं जोडून ठरवा आणि ट्रॅक्टरवाल्याशी आदल्या रात्रीच बोला.

## टप्पा ५: बोट

नर्मदाकाठी मालाची शेवटची मजल पाण्यातून असते.

बोट प्रशासनाची मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर स्थानिक नावाडीच घ्या. बुडालेल्या झाडांची खोडं पाण्याखाली उभी आहेत आणि ती कुठं आहेत हे त्यालाच माहीत. लाईफ जॅकेट नसलेला माणूस बोटीत चढणार नाही, हा नियम पुढाऱ्यालाही लागू. माल आणि माणसं एका फेरीत नको, आधी माल जाऊ द्या. बोटीत किती वजन घालायचं ते नावाडी सांगेल आणि त्याने सांगितलेल्याहून एक पोतंही जास्त घालू नका. पिशव्या प्लास्टिकच्या गोण्यांत बांधून न्या. निघताना माणसांची नावं काठावर थांबलेल्या एकाच्या वहीत लिहा आणि परतीची वेळ ठरवा. अंधार पडण्याआधी शेवटची बोट परत आली पाहिजे. राहायचं ठरलं तर तोही निरोप आधी द्या, नाहीतर काठावरचा माणूस घाबरून शोधपथकाला फोन करतो.

काठावर उतरल्यावर पाडा अजून वर असतो. माल वर न्यायला पाड्यातल्याच तरुणांना मजुरी देऊन घ्या. फुकट राबवू नका, त्यांचंही घर पुरात आहे.

## टप्पा ६: वाटप

सगळ्यात जास्त बिघाड इथं होतो.

शेवटच्या वस्तीपासून सुरुवात करा. गाडी रस्त्यावरच्या गावात थांबवली की गर्दी जमते, मग पुढं जाताच येत नाही. पहिली गाडी थेट शेवटच्या टोकाला न्या आणि परतीच्या वाटेवर वाटत या. रस्त्यावरच्या गावाला आधीच फोन करून सांगा की तुमची गाडी दुपारी येईल, यादी तयार ठेवा. हे सांगितलं नाही तर मधेच अडवतात, आणि त्यांचंही चुकत नाही.

टोकन आदल्या संध्याकाळी द्या. टप्पा १ ची यादी घेऊन गावातले दोघं आणि तुमचा एक जण घरोघरी जातात आणि प्रत्येक चुलीला शिक्का मारलेलं टोकन देतात. टोकनावर नाव, चुलीचा क्रमांक, वाटपाची वेळ. पन्नास-पन्नास चुलींना वेगळी वेळ दिली की कोणी दोन तास चिखलात उभं राहत नाही. यादीत नसलेलं कुटुंब समोर आलं तर नाकारू नका. शेजारच्या दोन घरांना विचारा आणि जादा टोकनांच्या गठ्ठ्यातून द्या. शंभर चुलींमागे दहा पिशव्या यासाठी जादा ठेवायच्या. पावसाळ्यात माहेरी बाळंतपणाला आलेली मुलगी, दुसऱ्या गावाहून आलेला सालदार, असे लोक यादीत नसतात पण भुकेले असतात.

बायकांची रांग वेगळी ठेवा आणि सामान बाईच्या हातात द्या. म्हातारे आणि अपंग यांच्या पिशव्या घरपोच. मारुतीच्या पारावर वाटप ठेवलं तर गावातल्या काही वस्त्या तिथं यायला संकोचतात. शाळेचं पटांगण बरं.

फोटो काढा, पण मालाचे आणि वहीचे. पिशवी घेताना बाईला कॅमेऱ्याकडे बघायला लावू नका. देणगीदारांना गोदामाचा फोटो आणि सही केलेल्या यादीचं पहिलं पान पुरतं.

*सावध:* पुढारी येणार म्हणून वाटप थांबवून ठेवायचं नाही. ठरलेल्या वेळी सुरू करा. ते आले की त्यांनाही दोन पिशव्या उचलायला द्या.

## टप्पा ७: पाणी, आजार, विजेच्या तारा

पूर ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत जुलाब आणि काविळीची भीती असते, त्यामुळे पिठाइतकंच लक्ष पाण्याकडे हवं.

माणशी रोज १५ लिटर पाणी धरा: पिणं, स्वयंपाक, धुणं सगळं मिळून. २०० माणसांच्या निवाऱ्याला ३००० लिटर, म्हणजे ट्रॅक्टरचा पाच हजार लिटरचा टँकर रोज एकदा. टँकरमध्ये टीसीएल (ब्लीचिंग) पावडर १००० लिटरला ५ ग्रॅम या हिशेबाने, म्हणजे पाच हजार लिटरला २५ ग्रॅम. पावडर थेट टाकू नका. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं पाणी ओता आणि अर्धा तास थांबा. मग ग्रामपंचायतीच्या पाणी कर्मचाऱ्याकडून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघणारी चाचणी) करून घ्या. पिवळा रंग आला नाही तर पाणी देऊ नका. उघडून ठेवलेली किंवा गेल्या वर्षीची पावडर निकामी झालेली असते, आणि ग्रामपंचायतीत बऱ्याचदा तीच सापडते. घरांसाठी मेडिक्लोरच्या (पिण्याच्या पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या) बाटल्या द्या आणि किती थेंब टाकायचे ते बाटलीवरचं वाचून दाखवा.

पुराचं पाणी शिरलेली विहीर उपसून, टीसीएल टाकून, तपासणी होईपर्यंत बंदच. निवाऱ्यात सुरुवातीला ५० माणसांमागे किमान एक शौचालय, बायकांचं वेगळं आणि आतून कडी लागणारं. जुलाब सुरू झाले की ओआरएस आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या) गोळ्या डॉक्टरच देतील, तुम्ही वाटू नका. साप चावला तर १०८, भगताकडे नाही.

लोंबकळणाऱ्या तारेची खबर महावितरणला १९१२ वर. लाईट आली तरी भिजलेल्या घरातला मेन स्विच वायरमनने बघितल्याशिवाय चालू करू देऊ नका.

## टप्पा ८: पंचनामा

लोक घाईने चिखल काढतात, भिंती धुतात, आणि चार दिवसांनी तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आले की दाखवायला काही उरत नाही. स्वयंसेवकांनी घर साफ करायला हात लावण्याआधी फोटो काढून द्यायचे: भिंतीवरची पाण्याची रेघ, पडलेली भिंत, भिजलेलं धान्य, मेलेलं जनावर. फोटोत घरमालक दिसला पाहिजे आणि तारीख असली पाहिजे. मेलेल्या गुरांचं शवविच्छेदन पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून करून घ्या आणि मगच पुरा. आधी पुरलं तर अनुदानाचा कागद अडतो. घर पूर्ण पडलं की अंशतः, हे पंचनाम्यात नेमकं लिहिलं आहे का ते सही करण्याआधी वाचून दाखवा. ज्यांचं माणूस गेलं आहे त्या घराला ४ लाखांची मदत लागू होते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि वारसाचं बँक पासबुक गोळा करायला एक माणूस त्यांच्यासोबत ठेवा, कारण त्या घरात कागद शोधण्याच्या अवस्थेत कोणी नसतं.

पिकांचे पंचनामे तलाठी, कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी) आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) मिळून करतात. ज्याचा सातबारा नाही पण जो शेत कसतो, त्याचं नाव पंचनाम्याच्या वेळी तोंडी तरी पुढं आणा.

## टप्पा ९: परत मोजणी आणि हिशेब

आठव्या दिवशी त्याच यादीवर पुन्हा फोन. कोणाला दोनदा मिळालं, कोणाला एकदाही नाही, हे तेव्हा कळतं. दुसरी फेरी फक्त सुटलेल्यांसाठी आणि ज्यांचं घर राहण्याजोगं उरलं नाही त्यांच्यासाठी. बाकीच्यांना पीठ पुन्हा दिलं की गावातल्या किराणा दुकानदाराचा धंदा बसतो, आणि पुढं उधारीवर माल देणारा तोच असतो.

हिशेबाचा कागद मराठीत, एका पानावर, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा: किती आलं, किती वाटलं, कुठल्या गावात किती चुली. उरलेला माल तहसील कार्यालयाकडे पोच घेऊन जमा करा, नाहीतर पुढच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यात लागेल म्हणून जिनिंगमध्येच ठेवा. पण पीठ ठेवू नका. महिनाभरात त्यात अळ्या होतात. ते शाळेच्या किंवा आश्रमशाळेच्या स्वयंपाकघराला लगेच देऊन टाका आणि पोच वहीला चिकटवा.